चादरीचा माल थेट ऑनलाइन विकायचा आहे – आधी वेबसाइट की आधी मार्केटप्लेस?

धोटा_तेरा

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ जेकार्ड (नक्षी विणणारे) माग आहेत. माल म्हणजे मुख्यतः चादरी, थोडे टॉवेल. सगळा माल व्यापाऱ्यांमार्फत जातो आणि उधारी नव्वद दिवसांच्या खाली येत नाही. त्यातला थोडा, दिवसाला १५-२० नग, थेट गिऱ्हाइकाला विकायचा विचार आहे. जीएसटी नंबर आहे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे. एकानं वेबसाइटचं ४५ हजारांचं कोटेशन दिलंय, 'डोमेन, होस्टिंग, पेमेंट सगळं आम्ही बघतो' म्हणतोय.

विचारायचं असं :
– पैसे आधी वेबसाइटवर घालावेत की मोठ्या मार्केटप्लेसवर यादी लावावी?
– चादर जड असते. कुरिअरचं भाडं परवडतं का?
– बिलं, कर, टीसीएस (मार्केटप्लेस विक्रीच्या पैशातून आधीच कापून घेतं तो कर) वगैरे काय वाढतं?
– क्यूआरवर पैसे घेताना काय सांभाळायचं?

अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं. 'ऑनलाइनला लई स्कोप आहे' एवढं ऐकून झालंय.

---

पार्सलपेठ

मालक, वेबसाइट आणि मार्केटप्लेस दोन्ही बाजूला ठेवा. आधी वजनकाटा आणि टेप घ्या. चादरीचा धंदा ऑनलाइन बुडतो तो भाड्यात, आणि भाडं ठरतं घडीवर.

कुरिअर दोन वजनं बघतं, एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. काही कंपन्या ४००० नं भागतात, ते करारात आधी बघून घ्या. दोन्हींतलं जे जास्त त्यावर भाडं लागतं आणि ते अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतं.

समजा ६० × ९० इंची चादर, वजन १४०० ग्रॅम. दुकानात ठेवतो तशी फुगीर घडी घातली तर पाकीट ३८ × ३० × १० सेंमी होतं. गुणाकार ११,४००, भागिले ५००० म्हणजे २.२८ किलो. टप्पा लागला अडीच किलोचा. तीच चादर दाबून, पट्टी मारून ६ सेंमी जाडीत आणली तर ६,८४०, म्हणजे १.३७ किलो. आता काट्यावरचं वजन जास्त ठरतं. चादर १४०० आणि पॅकिंग ८० मिळून १४८० ग्रॅम, टप्पा दीड किलोचा. एका घडीत दोन टप्पे वाचले. ४००० वाल्याकडं मात्र हेच पाकीट १.७१ किलो भरतं आणि दोनच्या टप्प्यात जातं, म्हणून भागाकाराचा आकडा दरापेक्षा आधी विचारायचा.

आता यातली मेख. १४८० म्हणजे दीड किलोला फक्त २० ग्रॅम कमी. कापूस हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात दीड किलोच्या चादरीचं वजन २०-३० ग्रॅमनं सहज वाढतं. मे महिन्यात जे पाकीट दीडमध्ये बसायचं ते जुलैत दोनच्या टप्प्याचं होतं आणि महिनाअखेरीस 'वजन तफावत' म्हणून वसुली येते. टप्प्याच्या खाली किमान ५० ग्रॅम जागा सोडा. सुटत नसेल तर किंमत लावताना सरळ पुढचा टप्पा धरा.

तफावतीची तक्रार करायची मुदत मोजक्या दिवसांची असते. म्हणून प्रत्येक डिझाइनच्या एका पाकिटाचे चार फोटो काढून ठेवायचे : काट्यावर आकडा दिसेल असा एक, आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावून तीन. फोटोत लेबल दिसलं पाहिजे. कुरिअरच्या केंद्रावर यंत्र पाकिटाचा सगळ्यात फुगलेला भाग मोजतं, हे लक्षात ठेवून टेपही मधोमध लावा, कडेला नाही. कडेला ६ आणि पोटात ८ सेंमी असेल तर तुमचा फोटो काही कामाचा नाही.

पॅकिंग असं : आत पारदर्शक पिशवी, बाहेर ६० मायक्रॉनची चिकटपट्टीवाली कुरिअर पिशवी. खळ नीट वाळली नसेल तर चादर पॅक करू नका. बंद पिशवीत चार दिवसांत कुबट वास धरते आणि गिऱ्हाईक 'वापरलेला माल पाठवला' म्हणून परत करतं. हवा ओढून घेणाऱ्या पिशव्यांनी जाडी छान कमी होते, पण ओलसर माल त्यात हमखास वास मारतो आणि जेकार्डवर चुण्या बसतात. पट्टी मारून दाबलेली घडी पुरे आहे. लेबल ४ × ६ इंची थर्मल प्रिंटरवर छापा. बारकोडवर चकचकीत चिकटपट्टी मारू नका, स्कॅनर वाचत नाही आणि पार्सल केंद्रावर पडून राहतं.

अजून एक गंमत. सोलापूरहून हैदराबाद तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, नागपूर त्याच्या दुप्पट. पण बऱ्याच कुरिअरच्या तक्त्यात नागपूर 'आपल्या विभागात' येतं आणि हैदराबाद 'उर्वरित भारत' म्हणून महाग लागतं. आपल्याकडची अर्धी ओळखपाळख तेलंगणात असल्यामुळं हा फरक खिशाला लागतो. दरपत्रक मागताना पुणे, नागपूर, हैदराबाद, विजयपूर आणि दिल्ली, या पाच पिनकोडचे दर वेगवेगळे लिहून मागा. सरासरी दर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

---

हिशोबनीस

कराचं सांगतो. जीएसटी नंबर आहे म्हणजे अर्धी कटकट संपली.

दर : शिवलेल्या आणि तयार कापडी वस्तूंवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आधी हीच रेघ १००० रुपयांवर होती आणि वरचा दर १२ होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या यादीत तीच रेघ अजून बसलेली सापडते, ती आधी बदला. २५०० ही किंमत कर सोडून धरायची. लग्नाच्या आहेरासाठी चार चादरींचा सेट एकाच किमतीला लावणार असाल तर सेटची किंमत रेघेच्या वर जाते का ते आधी सीएला दाखवा.

एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्ग क्रमांक) : टॉवेल ६३०२ मध्ये. चादर पांघरायची म्हणून ६३०१ की अंथरायची म्हणून ६३०२-६३०४ यावर सोलापुरात दोन सीए एकत्र बसले तर तीन मतं निघतात. दर सारखाच असल्यामुळं रकमेत फरक पडत नाही, पण यादीत एक आणि बिलात दुसरा असं नको. एकच ठरवा आणि सगळीकडं तोच लावा.

कपाती : मार्केटप्लेस तुमच्या निव्वळ करपात्र विक्रीवर ०.५ टक्के टीसीएस कापतं (१० जुलै २०२४ आधी १ टक्का होता) आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्के (१ ऑक्टोबर २०२४ आधी हाही १ टक्का). टीसीएस बुडत नाही, पण आपोआप येतही नाही. पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन दर महिन्याला ते स्वीकारावं लागतं, तेव्हा कुठं रोख खातेवहीत जमा होतं. बरेच जण वर्षभर तिकडं फिरकत नाहीत. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) मध्ये मार्केटप्लेसमार्फतची विक्री तक्ता १४ मध्येही दाखवायची.

आता खरा हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत, कमिशन आणि भाडं तुमच्या करारातलं घाला. विक्री किंमत ८९९, करासकट. त्यातला ५ टक्के जीएसटी ४२.८१, म्हणजे तुमची रक्कम ८५६.१९. कमिशन १० टक्के धरलं तर ८९.९०, ठरावीक शुल्क ३०, भाडं ११०. एकूण २२९.९०. यावर १८ टक्के जीएसटी ४१.३८ लागतो, पण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या देण्याच्या करातून वजा होतो. राहिले ६२६.२९. पॅकिंग १८ रुपये धरा.

पुढं परतीचा माल. दहा ऑर्डरींत दोन परत आल्या आणि जाण्या-येण्याचं भाडं दोन्ही अंगावर पडलं तर ४४० रुपये भाडं, ३६ पॅकिंग, मिळून ४७६. ते टिकलेल्या आठ नगांवर वाटले की नगाला साडेएकोणसाठ. काही ठिकाणी जातानाचं भाडं लावत नाहीत, ते बघा. म्हणजे ८९९ ची चादर विकून हातात येतात साधारण ५४९. सूत, मजुरी, वीज, शिलाई धरून तुमची चादर ५२० ला पडत असेल तर एवढ्या उठाठेवीतून नगामागं एकोणतीस रुपये सुटले. व्यापाऱ्याला ६०० नं देऊन नव्वद दिवस थांबणं परवडतं की हे, हा प्रश्न कागदावर सोडवा, मग यादी लावा.

क्रेडिटची एक अडचण आहे. तुमच्या मालावर कर ५ टक्के आणि मार्केटप्लेसच्या सेवांवर १८. वरच्या उदाहरणात ४२.८१ देणं आणि ४१.३८ क्रेडिट, म्हणजे जवळजवळ बरोबरी झाली. त्यात सुताचं क्रेडिट मिळवा, की ते साचत जातं. उलट्या करदराचा (खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त असतो तेव्हाचा) परतावा मागताना सेवांवरचं क्रेडिट धरत नाहीत, फक्त मालावरचं धरतात. म्हणून पैसा अडकतो, हे खेळत्या भांडवलात आधीच धरा.

मार्केटप्लेसच्या गोदामात माल ठेवायचा मोह होईल, कारण पोच लवकर होते. गोदाम भिवंडीत असेल तर तुमच्याच नोंदणीत ते 'अतिरिक्त जागा' म्हणून घालून भागतं. हैदराबाद किंवा बंगळूरच्या गोदामात ठेवलात तर त्या राज्याचा वेगळा जीएसटी नंबर घ्यावा लागतो आणि त्याची वेगळी विवरणपत्रं. दिवसाला वीस नगांसाठी ते करू नका.

---

वेबवीणकर

४५ हजारांच्या कोटेशनमध्ये 'डोमेन आम्ही बघतो' हे वाक्य खटकलं. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर घ्या. साधं डॉट इन किंवा डॉट कॉम वर्षाला हजार-बाराशेच्या आसपास मिळतं. करून देणाऱ्यानं ते स्वतःच्या खात्यावर घेतलं तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तो म्हणेल तो भाव, आणि भांडण झालं तर पाटी त्याच्या दारावर. आधीच त्याच्या नावावर गेलं असेल तर हस्तांतराचा कोड मागा. डॉट कॉम नवीन घेतलं असेल तर पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडं हलत नाही, तेवढं थांबावं लागतं. एसएसएलचे (साइट सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे लावले असतील तर काढायला सांगा, ते फुकट मिळतं. पेमेंट गेटवेचं (साइटवर पैसे घेणाऱ्या सेवेचं) खातं तुमच्या पॅनवर आणि तुमच्या चालू खात्याला जोडलेलं असावं. कार्डावर साधारण २ टक्के अधिक त्यावर १८ टक्के जीएसटी असा आकार असतो आणि पैसे दोन-तीन कामाच्या दिवसांनी येतात.

पण वेबसाइट आधी नको, या मताचा मी आहे. नव्या साइटवर कोणी आपणहून येत नाही. माणसं आणायला जाहिरात लागते, आणि फक्त चादर-टॉवेल विकणाऱ्याचा जाहिरातीचा खर्च पहिल्या काही महिन्यांत नफ्याहून मोठा असतो. आधी यादी नीट करा. फोटो, मापं, मजकूर तेच पुढं साइटला लागणार आहेत.

मजकुरात पहिली गोष्ट नावाची. आपण 'सोलापुरी चादर' म्हणतो, उत्तरेकडचं गिऱ्हाईक 'शोलापुरी' शोधतं. इंग्रजीत कोणी चादरला एक डी लावतं, कोणी दोन, कोणी शेवटी ए-आर ऐवजी ई-आर. हे सगळे प्रकार यादीच्या शोधशब्दांच्या रकान्यात घाला. शीर्षकात मात्र एकच नाव, त्यापुढं माप, कापड, रंग आणि नग. 'बेस्ट क्वालिटी सुपर सॉफ्ट' असलं काही कोणी शोधत नाही.

दुसरी गोष्ट फॉन्टची. जुन्या लेबलांचा, पत्रकांचा मराठी मजकूर प्रेसवाल्याकडं बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो उचलून साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा. परिवर्तक यांतच चुका करतो.

फोटोला स्टुडिओ लागत नाही. सकाळी अकरा ते तीन, खिडकीजवळ, थेट ऊन नको. समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, सावली मरते. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर लाल चादर मरून रंगाची आणि पांढरी पिवळट दिसते. 'रंग वेगळा आला' हे परत येण्याचं मोठं कारण तिथं तयार होतं. मोबाइल थोडा लांब धरून दुप्पट झूमवर काढा, जवळून रुंद भिंगानं काढलं की काठ वाकडे दिसतात. फोटो असे हवेत : पूर्ण उलगडलेली चादर, टेपसकट माप, विणीचा जवळून, काठ आणि शिलाई, घडी घातलेली, आणि उलटी बाजू.

उलट्या बाजूचा फोटो टाळू नका. जेकार्ड चादरीत मागं रंग उलटे येतात, मोरपंखी नक्षीत तर ठळकच. सोलापूरकराला ते वेगळं सांगावं लागत नाही. गाझियाबादच्या माणसाला तो दोष वाटतो. 'दोन्ही बाजूंनी वापरता येते, मागच्या बाजूला रंग उलटे दिसतात' हे वाक्य पहिल्या तीन ओळींत हवं.

मापं इंचांत आणि सेंमीत दोन्ही द्या : ६० × ९० इंच म्हणजे १५२ × २२९ सेंमी. धुण्याआधीचं माप आहे असं लिहा, कारण सुती माल आटतो. किती आटतो ते अंदाजानं लिहू नका. एक नग तीनदा धुऊन मोजा. त्याच वेळी काठाला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा टाचून ठेवा. तुकडा गुलाबी झाला तर तो रंग ऑनलाइन लावूच नका, किंवा रंगारी बदला.

टॉवेलचं जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) खरं लिहा. ३० × ६० इंची टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. ४५० जीएसएम लिहिलंत तर तो साधारण ५२२ ग्रॅम भरायला हवा. घरी काटा असलेलं गिऱ्हाईक मोजतं आणि मग एकच तारा देतं.

---

कन्ना_चौक

वरच्या सगळ्यांना मान देऊन सांगतो, पहिले दोन महिने व्हॉट्सॲप बिझनेसनंच काढा. कमिशन नाही, परतीचा माल जवळजवळ नाही. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, तुम्हाला तीस पुरतील. प्रत्येक डिझाइनला सांकेतिक क्रमांक द्या, 'ती निळी मोराची' यावर ऑर्डर घेऊ नका, निळे मोर चार असतात.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, पण संदेश त्यालाच जातो ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय. म्हणून प्रत्येक पाकिटात नंबर जतन करायचा क्यूआर छापलेलं कार्ड टाका. पाच हजार नंबर विकणारे आणि एका क्लिकवर सगळ्यांना संदेश पाठवणारी सॉफ्टवेअरं, दोन्हींपासून लांब. लोक तक्रार करतात, नंबर बंद होतो, आणि त्याच्यासोबत सगळ्या जुन्या गप्पा व ऑर्डरी जातात. याच कारणानं धंद्याचा नंबर वेगळा सिमवर घ्या आणि बॅकअप चालू ठेवा.

आणि गूगल मॅपवर युनिटची नोंद करा. फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच लिहायचं; नावापुढं 'बेस्ट सोलापुरी चादर होलसेल' चिकटवलं की नोंद निलंबित व्हायची वेळ येते. पडताळणीला बहुतेकदा चित्रफीत मागतात : रस्ता, पाटी, आतले माग आणि कुलूप उघडताना तुम्ही, हे सगळं न तोडता एका दमात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावची माणसं जानेवारीत येतात आणि मोबाइलवर 'चादर कारखाना जवळ' शोधतात. डिसेंबरात नोंद तयार पाहिजे.

---

धोटा_तेरा

लई उपयोगी. आजच काटा लावून बघितला. आमची ६० × ९० ची चादर १६२० ग्रॅम भरली, दाबून घडी ३९ × ३१ × ७ सेंमी. आता दोन शंका. पोचल्यावर पैसे देण्याची सोय ठेवायची का? आणि 'सोलापुरी चादर' हे नाव कोणीही लावतंय, बाहेरचा पॉवरलूमचा माल आपल्या नावानं निम्म्या भावात दिसतोय. त्याचं काय करता येतं?

---

पार्सलपेठ

३९ × ३१ × ७ म्हणजे ८,४६३, भागिले ५००० म्हणजे १.६९. काट्यावर पॅकिंगसकट १७००. टप्पा दोन किलोचा आणि वर ३०० ग्रॅम मोकळे. हे उत्तम झालं. पावसाळ्याची भीती नाही, आणि त्याच भाड्यात हातरुमालाचा छोटा संच बसतो. तो जोडून किंमत शंभरानं वाढवा, भाडं तेवढंच राहतं.

पोचल्यावर पैसे : पूर्ण बंद केलं तर ऑर्डरी घटतात, पूर्ण खुलं ठेवलं तर परतीचा माल वाढतो. मधला मार्ग असा की ऑर्डर आल्यावर दोन तासांत व्हॉट्सॲपवर पत्ता, डिझाइन क्रमांक आणि रक्कम पाठवून 'हो' मागायचं. उत्तर नाही आलं तर फोन. दोन्ही नाही तर माल पाठवायचा नाही. आगाऊ पैसे देणाऱ्याला ४०-५० रुपये सूट द्या, ती परतीच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. पत्त्यात घर क्रमांक किंवा खूण नसेल तर विचारल्याशिवाय पार्सल बांधू नका. 'मारुती मंदिराजवळ' एवढ्यावर कुरिअरवाला एकदा फोन करतो आणि 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहून मोकळा होतो. हे पैसे कुरिअरकडून आठवडाभरानं येतात, म्हणजे तेवढं भांडवल रस्त्यावर असतं.

परत आलेलं प्रत्येक पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडायचं. आधी लेबल, मग सीलबंद सहाही बाजू, मग उघडणं, मग काट्यावर वजन, सगळं सलग. चादरीऐवजी जुना पडदा निघाला तर दाव्याला हाच पुरावा. मधे चित्रीकरण थांबवलं तर दावा फेटाळतात.

---

हिशोबनीस

नावाबद्दल. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) आहे. पण मानांकन मालाला असतं. ते नाव हक्कानं लावायला उत्पादकानं स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडं पुष्कळ कारखानदार समजतात की सोलापुरात माग आहे म्हणजे झालं. तसं नाही. नोंदणी असली की नकली यादीविरुद्ध तक्रार करताना हातात कागद असतो, नुसतं 'आम्ही खरे' म्हणून कोणी यादी उतरवत नाही.

त्याशिवाय तुमच्या स्वतःच्या छापाचा ट्रेडमार्क वर्ग २४ मध्ये टाका. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क ४५०० रुपये, बाकीच्यांना ९०००. उद्यम प्रमाणपत्र इथं कामाला येतं. अर्ज केला की टीएम लावता येतं. वर्तुळातला आर नोंदणी पूर्ण झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे. 'सोलापुरी' हा शब्दच ट्रेडमार्क म्हणून मागू नका, मिळणार नाही.

पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, माप, नग, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा फोन-ईमेल छापलेला हवा. वैधमापन खात्याची ऑनलाइन यादीवरही नजर असते, कमाल किंमत आणि उत्पादक देश तिथंही लिहा.

---

गल्लीतला_आयटी

क्यूआरचा प्रश्न राहून गेला.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. हुबेहूब खोटी पावती बनवणारी ॲपं आहेत. माल सोडायचा तो बँकेच्या ॲपमध्ये किंवा विवरणात रक्कम दिसल्यावर. त्या व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक बिलावर लिहून घ्या, महिन्यानं जुळवताना तोच एक धागा असतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'लष्करी कँटीनसाठी २०० चादरी पाहिजेत, आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला की ठेवून द्या. व्यक्ती-ते-व्यक्ती पैसे मागण्याची विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण स्कॅन करायला लावणं आणि स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला लावणं जोरात चालू आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासात केलेल्या तक्रारीत रक्कम पुढच्या खात्यात अडवता यायची शक्यता जास्त.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. कोणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरत फिरत तुमच्याकडं चादरीच्या खरेदीत आले, तर दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरून बँक तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम गोठवते, कधी कधी अख्खं खातं. गुन्हा तुमचा नसतो, पण पगाराच्या शनिवारी खातं बंद. म्हणून क्यूआरचं चालू खातं वेगळं ठेवा आणि दर संध्याकाळी त्यातली रक्कम मुख्य खात्यात वळवा. गोठलंच तर शाखेतून तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाणं आणि अडवलेली रक्कम हे तिन्ही लेखी मागा. मग त्या व्यवहाराचं जीएसटी बिल, कुरिअरची पोच पावती आणि ऑर्डरचा संवाद जोडून त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत बँकेला. गिऱ्हाइकाचं नाव एक आणि पैसे पाठवणारा दुसराच, अशा मोठ्या ऑर्डरी तिथंच थांबवा. 'जास्त गेले, जरा परत पाठवा' म्हणणाऱ्याला वेगळ्या नंबरवर परतावा करू नका. ज्या खात्यातून आले तिथंच, बँकेच्या ॲपमधून.

आणि सगळ्या पासवर्डांचं. मार्केटप्लेस, डोमेन, गेटवे, गूगल नोंद, या चारही ठिकाणी ओटीपी मालकाच्या नंबरवर यायला हवा. आपल्याकडं हे सगळं भाच्याच्या नंबरवर असतं आणि भाचा पुण्याला नोकरीला जातो. कामगाराला काम करायला स्वतंत्र उपखातं देता येतं. त्यात बँक तपशील बदलायचा अधिकार काढून टाका.

---

धोटा_तेरा

आभारी आहे सगळ्यांचा. ४५ हजारांचं कोटेशन थांबवलं, डोमेन स्वतःच्या नावावर घेतोय. सोळा डिझाइनांपैकी सहा निवडतोय, धुलाईची चाचणी उद्यापासून. एकच राहिलं : सहा निवडताना कोणती?

---

वेबवीणकर

व्यापाऱ्याकडं सगळ्यात जास्त खपतात ती नाही, कारण तीच तुमचे व्यापारी ऑनलाइन तुमच्याहून कमी भावात लावतील. ज्यांचं सूत कायम मिळतं आणि दुसऱ्या खेपेला रंगाची छटा तीच येते ती घ्या; खेप बदलली आणि छटा सरकली की जुना फोटो खोटा ठरतो. दोन गडद, दोन फिक्या, एक मोरपंखी, एक साधी चौकडी. प्रत्येकी किमान २५ नग तयार असल्याशिवाय यादी चालू करू नका. ऑर्डर घेऊन 'माल संपला' म्हणून रद्द केली की खात्याचं मानांकन घसरतं आणि शोधात खाली जाता. आणि मागावर डिझाइन बदलायच्या आधी यादीत शिल्लक शून्य करा, नंतर नाही.